कपावरची डरवेंट

डर्बी,
९ नोव्हेंबर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. आता महिनाभर तरी त्यांना चुलीपुढे बसू देऊ नकोस, त्या ऐकणार नाहीत तरी.

मी पाठवलेला कपाचा फोटो बघून तू लिहिलंस, "चित्र काढायचं तर माणसानं कागदावर काढावं. कपावर काढतात ती नक्षी. तुला त्यात एवढं काय दिसलं?" हे फोनवरही बोलता आलं असतं, पण तू चित्रकलेचा मास्तर आणि मी इंजिनांच्या पात्यांचा माणूस. तुझ्यापुढे चित्राबद्दल बोलायचं तर मला सावकाश, विचार करून बोलायला हवं. म्हणून शनिवारची अख्खी दुपार या पत्रासाठी राखून ठेवली आहे.

आधी तो कप कसा आहे ते सांगतो, कारण फोटोत तो कळत नाही. इथे याला 'कॉफी कॅन' म्हणतात. सरळ उभ्या भिंतींचा, उंची जेमतेम सहा सेंटिमीटर. चिनी माती पांढरी, पण हॉटेलातल्या कपासारखी निळसर पांढरी नाही, सायीकडे झुकणारी. कडेला सोन्याची रेघ आहे, ती एका बाजूला ओठांनी झिजली आहे. कानावरचं सोनंही अंगठा टेकतो तिथे गेलंय. म्हणजे हा कप नुसता कपाटात बसलेला नव्हता, कुणीतरी त्यातून प्यायलंय. कानाच्या बरोबर समोरच्या अंगाला सोनेरी चौकट आणि चौकटीत चित्र. डावीकडे चुनखडीचा उंच कडा, खाली इथली डरवेंट नदी, उजवीकडे दोन झाडं, वाटेवर काठी घेतलेला एक माणूस. तो माणूस तीन मिलिमीटरचा असेल. भिंगातून पाहिलं तर कोटाचा एक फटकारा, पायांचा एक आणि काठीची रेघ, एवढाच तो आहे. तरी तो चढ चढतोय हे कळतं. विनू, मी भिंग बाजूला ठेवलं आणि बराच वेळ काही बोललो नाही.

कप उपडा केला की तळाला निळ्या रंगात मुकुट, त्याखाली फुलीसारख्या दोन काठ्या, सहा ठिपके आणि डी हे अक्षर. ही इथल्या, डर्बीच्या जुन्या चिनी मातीच्या कारखान्याची खूण. आणि तिच्याजवळ वळणदार अक्षरात लिहिलंय: 'मॅटलॉकजवळ, डर्बीशायर'. चित्रकाराची सही मात्र नाही. या कारखान्यात चित्रकार सही करत नसत. त्यामुळे आज हात ओळखायचा तो कारखान्याच्या नमुनावह्या, कामाच्या नोंदी आणि कुंचल्याची ढब यांवरून. माझ्या कपाला विकणाऱ्यानं 'बोरमनच्या धर्तीचं काम' एवढंच म्हटलं आणि मला ते प्रामाणिक वाटलं. बशी नाही, कानापाशी केसाएवढी चीर आहे, म्हणून तो माझ्या आवाक्यात आला.

आता या बोरमनबद्दल. झकराया बोरमन, जन्म १७३८. आधी लंडनजवळच्या चेल्सी कारखान्यात कामाला होता. डर्बीच्या कारखान्याचा मालक विल्यम ड्यूसबरी यानं १७७० मध्ये तो चेल्सीचा कारखाना विकत घेतला आणि पुढे १७८४ मध्ये बंद केला. बोरमन १७८३ मध्ये इकडे डर्बीला आला, १७९४ पर्यंत राहिला, मग लंडनला परतला आणि १८१० मध्ये गेला. म्हणजे इथे साधारण अकरा वर्षं. माझ्या मते इंग्लंडमध्ये चहा-कॉफीच्या भांड्यांवर निसर्गचित्र म्हणून जे काही झालं, त्यातलं सगळ्यात खरं काम या अकरा वर्षांतलं आहे.

हे मी का म्हणतो ते तुला तंत्रावरून पटेल. बोरमन आधी सगळं चित्र एका करड्या रंगात बांधायचा. डोंगराची सावली, झाडांचा भार, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं करड्यात. मग त्यावर हिरवा, पिवळसर, निळा असे पातळ थर चढवायचा. ओळखीचं वाटतंय ना? त्याच काळात पॉल सँडबी आणि त्याच्या पिढीचे इंग्लिश जलरंगवाले कागदावर हेच करत होते, आधी करडी छाया, वर रंगाचा हलका हात. सँडबीला तर इंग्लिश जलरंगाचा जनक म्हणतात. डर्बीला पुढे आलेले जॉन आणि रॉबर्ट ब्रुअर हे भाऊ त्याच्याच हाताखाली शिकले असं मानलं जातं. आणि तू मुलांना शिकवतोस ना, उजेड हवा तिथे कागदाचा पांढरा सोडा, तसंच इथे चिनी मातीचा पांढरा सोडलेला आहे. माझ्या कपावर कड्याच्या माथ्यावर पडलेलं ऊन म्हणजे रंग न लावलेली झिलई आहे.

पण कागदवाल्याला जे सोसावं लागत नाही ते यांना सोसावं लागे. रंग म्हणजे धातूंची भस्मं आणि काचेची भुकटी, टर्पेंटाईन आणि तेलात खललेली. निळा कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा, तांबडा लोखंडाचा आणि गुलाबी चक्क सोन्याचा. भांडं आधी भाजलेलं, मग झिलई देऊन पुन्हा भाजलेलं, त्यावर हे रंग लावायचे आणि सातशे-आठशे अंशांच्या छोट्या भट्टीत परत घालायचं. लावताना जो रंग दिसतो तो भाजल्यावर राहत नाही. मेंदीसारखं, पानाचा रंग पाहून उतरणारा रंग सांगता यायला हवा. सोन्याचा गुलाबी लावताना मळकट दिसतो आणि भट्टीतून निघाला की खुलतो. आच कमी-जास्त झाली तर तोच तपकिरी किंवा जांभळट होऊन बसतो. म्हणजे चित्रकार समोर जे बघतोय ते त्याचं चित्र नव्हेच, चित्र त्याच्या डोक्यात आहे. करडा थर एका भाजणीत पक्का, रंगाचा थर पुढच्या भाजणीत, सोनं शेवटी, मग ते सोनं अकीक किंवा तशाच कठीण खड्यानं घासून चमकवायचं. कुठल्याही भाजणीत भांडं तडकलं की आधीचं सगळं काम पाण्यात.

आणि कप गोल आहे, विनू. पूर्ण चित्र एका नजरेत कधीच दिसत नाही. कडा रंगवताना उजवीकडची झाडं नजरेआड गेलेली असतात. न भाजलेल्या रंगाला बोट लागलं की तो पुसला जातो, म्हणजे हात टेकायला जागा शोधायची, भांडं फिरवायचं, आणि तरी नदीचा काठ दोन्हीकडे एका पातळीत यायला हवा. पुसला जाण्याचा फायदाही होता. याच कारखान्यात विल्यम बिलिंग्स्ली नावाचा फुलं काढणारा होता, १७७४ मध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेला. तो गुलाबाच्या पाकळीवर आधी रंग भरायचा आणि मग कोरड्या कुंचल्यानं उजेडाची जागा पुसून काढायचा. त्याचा गुलाब इंग्लंडभर नकलला गेला. पुढे १७९६ मध्ये तो पिंक्सटनला जाऊन नव्या कारखान्याला लागला, आणि त्या छोट्या गावातल्या चहाच्या भांड्यांवरही आसपासच्या वाड्यांची, ओढ्यांची चित्रं आली. भट्टी आणि मातीच्या प्रयोगांपायी तो माणूस पुढे आयुष्यभर गावोगाव फिरला, वेल्सपर्यंत. त्याच्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

आता एक गोष्ट तू चित्रकार म्हणून ऐक. सँडबीच्या काळची जलरंगचित्रं आज बघायला गेलास तर बहुतेक मंद उजेडात दिसतात, नाहीतर खणांत बंद असतात. उजेडानं त्यांचे रंग उडतात, विशेषतः निळे आणि गुलाबी. कपावरचा रंग काच होऊन बसलेला आहे. तो घासला तर झिजतो, पण उन्हानं उडत नाही. म्हणजे १७९० च्या सुमाराला एखाद्या चित्रकाराला डर्बीशायरचं आकाश कोणत्या निळ्यात दिसलं, हे आज जसंच्या तसं बघायचं असेल तर कागदापेक्षा कप जास्त विश्वासाचा. तुझ्या 'नक्षी' या शब्दाला माझं हे पहिलं उत्तर.

दुसरं उत्तर त्या तळाच्या नावात आहे. बोरमनच्या आधीही इंग्लिश चिनी मातीवर निसर्गदृश्यं होती. लंडनचा जेम्स जाइल्स वुस्टर गावच्या कारखान्यातली कोरी भांडी आणून आपल्या कारखान्यात रंगवायचा, त्यात एकरंगी निसर्गदृश्यंही असत, पडके खांब, दूरचे मनोरे. चेल्सीवर बंदरं, गलबतं, युरोपातल्या छापील चित्रांवरून उतरवलेली. सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण ती कुठलीच जागा नाही. १७८० नंतर डर्बीत जे झालं ते निराळं. डव्हडेल, मॅटलॉक, ब्रेडसल, असली शहराबाहेरची, चालत किंवा घोड्यावर जाता येण्यासारखी ठिकाणं कपावर आली आणि त्यांची नावं तळाला लिहिली जाऊ लागली.

याला कारणं होती. विल्यम गिल्पिन नावाच्या पाद्र्यानं १७८२ मध्ये वाय नदीच्या प्रवासाचं पुस्तक काढलं आणि 'चित्रासारखी' जागा शोधत हिंडणं ही सुशिक्षितांची हौस झाली. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध लागलं, इटलीच्या वाटा अवघड झाल्या, आणि लोक आपल्याच डोंगरांकडे वळले. त्याही आधी, १७७४ मध्ये, वेजवूड या भांड्यांच्या इंग्लिश कारखानदारानं रशियाच्या कॅथरीन राणीसाठी बाराशे बावीस इंग्लिश दृश्यांचा जेवणाचा संच रंगवून दिला होता. ती भांडी चिनी मातीची नव्हती, साध्या सायरंगी मातीची होती, पण लंडनमध्ये ती मांडली तेव्हा बघायला लोक लोटले. आपला देश ताटलीवर शोभतो हे त्यांना तिथे दिसलं असणार.

चहाचंही कारण आहे. १७८४ पर्यंत चहावर ११९ टक्के कर होता, चोरटा चहा घरोघर जायचा. त्या वर्षी तो साडेबारा टक्क्यांवर आणला. मग कायदेशीर चहा धो धो येऊ लागला आणि चहाची भांडी हवीच झाली. १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं चीनहून भांड्यांची मोठी आयात थांबवली, तेव्हा तर इथल्या कारखान्यांना मैदान मोकळं मिळालं. तेव्हाचा संच कसा असे माहीत आहे? किटली आणि तिची तबकडी, साखरेचा डबा, दुधाचा जग, चोथा आणि गार चहा ओतायचा बाउल, पाव-लोण्याच्या दोन ताटल्या, आणि डझनभर चहाचे कप, डझनभर कॉफीचे कप, पण बशा मात्र एकच डझन. चहा आणि कॉफी माणूस एका वेळी पिणार नाही, मग बशी दोघांना मिळून एक. मला हा हिशेब फार आवडला.

त्या डब्यातली साखर मात्र वेस्ट इंडीजमधल्या गुलामांनी पिकवलेली असे. १७९१ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव संसदेत पडला आणि पुष्कळ घरांनी ती साखर सोडली. पुढे १८२० च्या दशकात 'ईस्ट इंडियाची साखर, गुलामांनी न पिकवलेली' असं लिहिलेले साखरेचे बाउल निघाले. चहा तर सगळा चीनचा; आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात १८३९ मध्ये आला. डव्हडेलच्या त्या शांत ओढ्याकडे बघताना हे मी विसरू शकत नाही, आणि विसरूही नये असं मला वाटतं.

काल-परवा लंडनला कामानिमित्त गेलो होतो, तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या वरच्या मजल्यावरची मातीच्या भांड्यांची दालनं पुन्हा पाहिली. त्यांच्याकडे एक जलरंगचित्र आहे, ते तू एकदा शोधून बघच. थॉमस बॅक्स्टर नावाच्या चित्रकारानं १८१० मध्ये काढलेलं, लंडनमधल्या आपल्या वडिलांच्या कारखान्याचं. माणसं टेबलाशी बसून चिनी मातीवर रंगकाम करताहेत, आजूबाजूला रंगवलेली भांडी. बॅक्स्टर स्वतः पुढे वुस्टरला आणि वेल्समधल्या स्वानसीला जाऊन भांडी रंगवत राहिला. जो कपावर काढायचा तोच कागदावरही काढायचा, आणि तेवढ्याच जीव लावून. त्या लोकांच्या मनात तुझी ती कागद-कप अशी भिंत नव्हती रे.

बोरमननंतर डर्बीत हिल नावाचा एक आला, तो घोड्यावरून कामावर यायचा म्हणून त्याला 'जॉकी' हिल म्हणत. त्याची दृश्यं जास्त भडक, तपकिरी-पिवळी. मला ती बोरमनइतकी धरून ठेवत नाहीत. जॉर्ज रॉबर्टसनच्या जहाजांच्या चित्रांना लोक फार मानतात. वुस्टरचं काम नेटकं, भरपूर सोन्याचं, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात तर चित्रापेक्षा चौकटच मोठी झाली. माझ्या चवीला ते जड होतं.

मॅटलॉकला मात्र मी कप पाहिल्यावर मुद्दाम गेलो. इथून पंचवीस-तीस किलोमीटर, आगगाडी डरवेंट नदीच्या काठाकाठानंच जाते. तो कडा म्हणजे हाय टॉर, नदीपासून सुमारे १२० मीटर सरळ उभा. आज त्याच्या पायथ्याशी हमरस्ता आहे, रेल्वे बोगद्यात शिरते, समोरून केबल कार जाते. तरी वाटेवरून वर बघितलं आणि ओळख पटली. चित्रकारानं कडा थोडा उंच केलाय आणि झाडं पुढे ओढून आणलीत, उजवी बाजू बंद करायला. तूही हरिपूरच्या संगमाचं चित्र काढताना देवळाचं झाड असंच सरकवलं होतंस, मला आठवतंय, आणि मी वाद घातला होता. तो वाद मी सोडून दिला असं समज. ही नदी तिथून खाली वाहत डर्बीत येते, आणि जुना कारखाना नॉटिंगहॅम रोडवर, सेंट मेरी पुलाजवळ, तिच्याच काठी होता. तो १८४८ मध्ये बंद पडला. काही कारागिरांनी दुसरीकडे काम चालू ठेवलं, आणि आजचा रॉयल क्राउन डर्बी ही त्याच परंपरेची पुढची कडी. म्हणजे माझ्या कपावर आहे ते पाणी रंगवणाऱ्याच्या जवळून रोज वाहत होतं.

आणखी एक. चित्र कानाच्या समोर असल्यामुळे पिणाऱ्याला ते धड दिसतच नाही. दिसतं समोर किंवा शेजारी बसलेल्याला. मी कप हातात धरला की कडा, नदी, वाट सगळं तुझ्याकडे तोंड करून असणार. जागेचं नाव वाचायचं तर कप रिकामा करून उपडाच करायला हवा. दोन माणसं गप्पा मारत बसलीत आणि एकानं दुसऱ्याला विचारलं, हे कुठलं रे, असंच हे वाचलं जात असणार. एकट्यानं भिंतीसमोर उभं राहून बघायच्या चित्रापेक्षा हे मला जास्त जवळचं वाटतं.

आता तुझं काम. वेगळ्या पाकिटात कपाचे जवळून काढलेले फोटो पाठवतोय, खिडकीच्या उजेडात, दिव्याशिवाय. कड्याच्या सावलीत मला करड्याखाली थोडा जांभळा दिसतो. तो खालचा थर आहे की वरून दिलेला, हे तुझ्या डोळ्याला कळेल, माझ्या नाही. भिंगातला फोटो क्रमांक टाकून वेगळा ठेवला आहे, तिथे रंगाचा काठ कुठे संपतो ते बघ. शक्य झालं तर एका पांढऱ्या टाइलवर तू तुझ्या रंगांत तेवढाच कडा काढून पाहा. वाळलेला रंग कसा वागतो ते मला लिही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत यायचं मनावर घे. व्हिसाची कागदपत्रं मी फेब्रुवारीतच पाठवतो, शाळेच्या मुख्याध्यापकांचं रजेचं पत्र तेवढं आधी घेऊन ठेव. डर्बीच्या संग्रहालयात या कारखान्याची भांडी कपाटं भरून आहेत आणि त्याच इमारतीत याच गावच्या जोसेफ राइटची मोठी तैलचित्रंही. दोन्ही एकाच दिवशी बघू, आधी कप. मग मॅटलॉकला जाऊ. येताना जाड कागदाची वही आण, इथे ती फार महाग मिळते, आणि आपल्या नेहमीच्या दुकानातून गोडा मसाला अर्धा किलो.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार. चिंगीला सांग, तिनं काढलेलं मांजर फ्रिजवर लावलंय.

तुझा,
नंदू